वीणा नुसती दिसू नये, ऐकूही यावी

अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. पहाऱ्याला माणसं बदलतात, तार चालूच राहते. पण मुक्ताईनगरकडच्या असो की शिरपूरकडच्या, गावच्या मंडपात पखवाज-टाळ रंगात आले की वीणा नुसती दिसते. समोर माईक ठेवावा तर त्यात टाळच जास्त शिरतात. आवाज वाढवला की भोंग्यातला आवाज पुन्हा माईकमध्ये जातो आणि शिट्टी सुरू.

यावर उपाय म्हणजे वाद्यालाच चिकटवायचा कॉन्टॅक्ट पिकअप. तो हवेतल्या आवाजाकडे जवळजवळ लक्षच देत नाही, लाकडाचा कंप थेट उचलतो. पितळेची नाण्याएवढी चकती, तिच्यावर सिरॅमिकचा पांढरट थर. चकती वाकली की त्या थरावर विद्युतभार तयार होतो. दाबातून वीज देणारा हा गुण झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवून दिला. बझरमध्ये हीच चकती उलटी चालते: वीज मिळाली की वाकते.

चकती स्वस्त मिळते, म्हणून ती चिकटवून वायर सरळ मिक्सरच्या माईक सॉकेटात खोचतात. वीणा किरकिरी वाजते आणि दोष चकतीच्या माथी येतो. खरी गोम जोडणीत आहे. चकतीची धारकता (भार साठवण्याची क्षमता) साधारण २० नॅनोफॅरड, सॉकेटचा रोध (विजेला होणारा अडथळा) साधारण २ किलोओहम. एवढ्या कमी रोधातून भार भराभर निघून जातो. संथ कंपांचा भार साचतच नाही, जलद कंप तेवढे तगतात. ज्याच्या खालचे कंप गळत जातात ती सीमा, हिशेब केला तर, ४,००० हर्ट्झच्या (सेकंदाला ४,००० कंपांच्या) आसपास येते. पांढरी एक या पट्टीला लावलेल्या जोडीचा (सारख्या सुरातल्या दोन तारांचा) षड्ज, म्हणजे सा, सुमारे १३० हर्ट्झचा. त्याचा जेमतेम तिसावा हिस्सा पुढे पोचतो. मधे १ मेगाओहम रोधाचा प्रीअँप (मिक्सरच्या आधी लावायचा छोटा अँप्लिफायर) घातला, की तीच सीमा ८ हर्ट्झपर्यंत उतरते आणि षड्ज भरून येतो. चकतीपासून प्रीअँपपर्यंतची वायर आखूड आणि शिल्डची (आत धातूचं आवरण असलेली) हवी, नाहीतर विजेची ५० हर्ट्झची घरघर आत येते.

आता चकती लावायची जागा. सगळी तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी) सारखी हलत नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या पायाशी जव्हारीची, म्हणजे तारेच्या झणकाराची, झळाळी मिळते, पण बोटांची खरखरही येते. दोन बोटं बाजूला सरकलं की भोपळ्याचा गोलावा वाढतो. कानाला हेडफोन लावून चकती हळूहळू सरकवत जावं, याला दुसरा मार्ग नाही. तुणतुण्याच्या कातड्यावर मात्र चकती लावूच नये. कातडं हलकं असतं, तेवढ्या वजनानेही ते दबतं. लाकडी कडेवर लावावी.

जळगावच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांजवळ गेला की चकती चिकटवायची दुहेरी टेप मऊ पडते आणि बारीक कंप गिळते. तरीही जुन्या वीणेला सुपरग्लू लावू नये असंच मी सांगेन. टेप रोज बदलावी. आणि वीणेकऱ्याला भोंग्याच्या तोंडासमोर उभं करू नये, कारण मोठ्या आवाजाने तबली स्वतःच थरथरते आणि शिट्टी या वाटेनेही परत येते.