प्रोसेसर उपाशी राहतो तेव्हा

हवामानाचा अंदाज असो की विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा, गणित मांडण्याची रीत एकच: जागेचे कोट्यवधी बारीक कप्पे पाडायचे आणि प्रत्येक कप्प्यातला आकडा शेजारच्या कप्प्यांवरून पुन्हा पुन्हा काढायचा. अशा कामासाठी प्रोसेसर निवडताना बहुतेक जण कोअर आणि गिगाहर्ट्झ मोजतात. मला ते अपुरं वाटतं. इथे खरी अडचण गणिताची नसते, आकडे आणून देण्याची असते.

जॉन मॅकॅल्पिन यांची मेमरीचा पुरवठा मोजणारी ‘स्ट्रीम’ नावाची छोटीशी चाचणी हे फार स्वच्छ दाखवते. तिचा एक भाग असा: एका रांगेतला आकडा घ्या, त्याला ठरावीक संख्येने गुणा, दुसऱ्या रांगेतला आकडा मिळवा, उत्तर तिसऱ्या रांगेत लिहा. क्रिया फक्त दोन; पण आठ-आठ बाइटचे दोन आकडे वाचायचे आणि एक लिहायचा, म्हणजे 24 बाइटची ने-आण. आता डीडीआर5-4800 या प्रकारच्या मेमरीचे आठ चॅनेल, म्हणजे मेमरी ते प्रोसेसर अशा आठ वाटा, धरा. कागदावर ते सेकंदाला 307.2 गिगाबाइट पुरवतात. 24 ने भागून दोनने गुणा: सेकंदाला 25.6 अब्ज क्रिया. आणि 2 गिगाहर्ट्झचे 32 कोअर, प्रत्येक ठोक्याला 32 क्रिया करणारे, यांची ताकद 2,048 अब्ज! शंभरातला जेमतेम सव्वा भाग वापरात येतो.

संगणकशास्त्रज्ञ जॅक डोंगारा यांच्या, समीकरणांचा मोठा संच सोडवायला लावणाऱ्या लिनपॅक चाचणीत हे दिसत नाही. तिथे एकदा आणलेला आकडा कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या वेगवान मेमरीत, ठेवून अनेकदा वापरता येतो. महासंगणकांची ‘टॉप500’ यादी 1993 पासून याच चाचणीवर लागते. जपानच्या फुगाकूने तिच्यात 442 पेटाफ्लॉप्स (सेकंदाला 442 दशलक्ष अब्ज क्रिया) गाठले. पण सुरुवातीला सांगितलेल्या कप्प्यांच्या गणिताच्या, म्हणजे प्रत्यक्ष सिम्युलेशनच्या, जवळ जाणाऱ्या ‘एचपीसीजी’ चाचणीत त्याच यंत्राला 16 मिळाले, आणि तेवढ्यावरही ते तेव्हा जगात पहिलं होतं.

म्हणून स्वतःचाच प्रोग्राम चालवून पाहावा, तोही पूर्ण आकाराच्या ग्रिडवर, म्हणजे सगळ्या कप्प्यांसह. लहान ग्रिड सगळं कॅशमध्ये मावतं आणि आकडे उगाच सुंदर दिसतात. मेमरीचे सगळे चॅनेल भरलेत ना, हे आधी तपासा. आठपैकी चारच भरले तर पुरवठा निम्म्यावर येतो, आणि ही चूक सहज होते. मग एक, दोन, चार, आठ, सोळा असे कोअर वाढवत वेळ मोजा. सोळानंतर वेळ घटायचा थांबला, तर पुढचे कोअर आकड्यांची वाट पाहत बसलेत. त्यांच्या पैशात जास्त चॅनेलचा प्रोसेसर घेतलेला बरा.