चुनखडीच्या टेकडीच्या पायथ्याने: शरदातल्या छोट्या फेरीला येणाऱ्यांसाठी माहिती

नाव नोंदवताना बरेच जण विचारतात, "माथ्यावर नेणार ना?" नाही नेणार. चुनखडीची टेकडी माथ्यावर कोरडी असते. तिचं पाणी पायथ्याशी बाहेर पडतं आणि आम्हाला दाखवायचंय ते तिथेच आहे.

पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. हे सौम्य आम्ल हजारो वर्षं खडकाच्या फटी विरघळवत त्या रुंद करत जातं. त्यामुळे वर पडलेला पाऊस ओढ्यांनी वाहण्याऐवजी फटींत शिरतो आणि खाली पाणी न झिरपू देणारा चिकणमातीसारखा थर लागला की झरा होऊन बाहेर येतो. फेरीत असे झरे ओळीने दिसतील. खोलातून सावकाश आलेल्या झऱ्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही, म्हणून गार सकाळी त्यात हात घातला की पाणी चक्क कोमट वाटतं. पाणी नितळ दिसलं तरी पिऊ नका. सगळंच पाणी सावकाश येत नाही; रुंद फटींतून काही भराभर येतं, वाळूतून गाळल्यासारखं गाळलं जात नाही. वरच्या कुरणातली घाणही त्याच वाटेने खाली येते.

झऱ्याच्या तोंडाशी शेवाळावर आणि गळून पडलेल्या पानांवर दगडी पापुद्रा चढलेला दिसेल. पाणी उघड्यावर आलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा बाहेर पडून साचतो. हे थर ठिसूळ असतात, त्यांवर पाय देऊ नका.

शरदच का, तर पानं झडली की झाडोऱ्यामागचे कडे उघडे पडतात. शिवाय झडण्याआधी पानांतलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून असलेला पिवळा रंग वर येतो. लाल रंग मात्र बहुतेक झाडं त्याच दिवसांत नव्याने बनवतात. ओल्या दिवशी गोगलगायी भरपूर दिसतात. शंख बांधायला लागणारं कॅल्शियम त्यांना इथे मुबलक मिळतं.

दगड जवळून पाहा. चुनखडी बहुतेक वेळा जुन्या समुद्रतळावर शंखशिंपल्यांच्या चुऱ्यातून बनते, त्यामुळे जीवाश्म नुसत्या डोळ्यांनीही सापडतात. आमचा वाटाड्या सौम्य आम्लाचा थेंब सुट्या खड्यावर टाकून फसफसणं दाखवेल. हातोडी आणू नका, जीवाश्म फोडून काढू देत नाही.

वेळेबद्दल. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये चालण्याचा एक हिशेब मांडला होता: तासाला सुमारे 5 किलोमीटर आणि दर 600 मीटर चढाला एक तास जादा. आमची वाट 4 किलोमीटरची आणि जवळपास सपाट, म्हणजे त्या हिशेबाने तासाभरात संपायला हवी. आम्ही अडीच तास धरतो. भराभर चालायचं असेल तर ही फेरी तुमच्यासाठी नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पायांत खाचांचा तळ असलेले बूट हवेतच. पायांनी घासून गुळगुळीत झालेली ओली चुनखडी, त्यावर भिजलेली पानं, आणि बहुतेक जण घसरतात ते अशाच सपाट जागी. कड्याखाली डबा उघडून बसू नका. फटीतलं पाणी रात्री गोठून फुगतं, खडक सैल करतं आणि सकाळी ऊन लागल्यावर दगड सुटतात. मोठ्या पावसानंतर त्या टप्प्यावर आम्ही वाट बदलतो. बदललेल्या वाटेवर शेवटचा झरा लागत नाही. कुत्रा आणलात तर गुराढोरांजवळ दोरीनेच धरा आणि फाटक जसं मिळालं तसंच सोडा, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

शरद संपातानंतर, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र सारखे झाल्यानंतर, दिवस झपाट्याने लहान होतो, म्हणून दुपारची तुकडी ठरल्या वेळी निघते. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबता येणार नाही. विजेरी मात्र सगळ्यांनीच आणा.