पार्श्वभूमी : तापमान ओळखणारी हायड्रोजेल आणि पीनिपामचा प्रदीर्घ मुक्काम

हा इतिहास १९६० सालच्या प्रागपासून सांगायची रीत आहे. शरीराला चालतील अशी पाणी धरणारी जेल, म्हणजे हायड्रोजेल, तिथे मांडली गेली आणि त्यातूनच पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आली. परिस्थितीनुसार बदलणं मात्र त्या जेलला ठाऊक नव्हतं. ते १९७८ साली अमेरिकेत दिसलं : द्रावकातलं अ‍ॅसिटोनचं प्रमाण किंवा तापमान जरासं हललं, तरी पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचं जेल एकदम आक्रसतं.

ऐंशीच्या दशकात सगळ्यांची नजर पीनिपामवर, म्हणजे पॉली-एन-आयसोप्रोपिलअ‍ॅक्रिलअमाइडवर गेली. ते सुमारे ३२ अंश सेल्सिअसला पाणी सोडतं, हे १९६८पासून माहीत होतं. शरीराचे ३७ अंश तिथून जवळच, शिवाय पाणी धरणारा दुसरा घटक मिसळून तो आकडा वर सरकवता येतो. औषध हवं तेव्हा सोडणाऱ्या जेलसाठी पीनिपामची निवड ठरली ती इथे, आणि ती योग्य होती का हा वादही इथलाच.

औषध भरलेली पीनिपामची चकती गार पाण्यातून कोमट पाण्यात टाकली, की आधी तिचा पृष्ठभाग आक्रसतो. त्यावर दाट साय धरते आणि औषध आत अडकतं. पाणी गार केलं की साय विरते, औषध पुन्हा झिरपू लागतं. आलेखावर ही चालू-बंद फार देखणी दिसते. पण रुग्णाचं शरीर असं गार करता येत नाही आणि ताप चढल्यावर औषध हवं असेल, तर ही साय नेमकी आड येते. त्यात हे पॉलिमर, म्हणजे लांब साखळ्यांचं रसायन, शरीरात विघटित होत नाही आणि साखळीत न गुंफता उरलेला सुटा घटक, म्हणजे मोनोमर, विषारी असतो. जेलची जाडी दुप्पट झाली की प्रतिसादाला चौपट वेळ लागतो, तो वेगळाच.

पीनिपामवाल्यांचं म्हणणं असं, की मूलभूत नियम समजायला स्वच्छ वागणारा पदार्थ लागतोच. ते खरं आहे. नव्वदच्या दशकात पुण्यातही जेलच्या आकुंचनामागच्या हायड्रोजन बंधांचं गणित मांडलं गेलं, ते अशाच पदार्थांच्या आधारे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे पापुद्रे बशीपासून अलगद सोडवायलाही पीनिपाम अप्रतिम ठरलं. मात्र औषधाच्या नावाखाली त्याचा मुक्काम गरजेपेक्षा फार लांबला, असंच म्हणावं लागतं.

रुग्णापर्यंत पोचली ती साधी जेल. काचबिंदूवरचे, जेलन गम या डिंकासारख्या पदार्थाचे थेंब डोळ्यातल्या क्षारांमुळे घट्ट होतात, त्यामुळे त्यातलं टिमोलॉल हे औषध दिवसातून एकदा पुरतं. अमेरिकेत एप्रिल २०२०मध्ये मंजूर झालेलं मायटोमायसिन या कर्करोगावरच्या औषधाचं जेल मूत्रमार्गाच्या वरच्या भागातल्या, कमी आक्रमक कर्करोगासाठी आहे. थंड, पातळ द्रावण नळीने मूत्रपिंडाच्या पोकळीत सोडतात. अंगाच्या उबेने ते घट्ट होतं, काही तास औषध देतं आणि लघवीबरोबर निघून जातं.

दोन्ही एकदाच घट्ट होतात, पुन:पुन्हा उघडमीट करत नाहीत. रक्तातली साखर पाहून इन्सुलिन सोडणाऱ्या जेलला ती उघडमीट दिवसभर, तीही मिनिटांत करावी लागेल. ग्लुकोज ऑक्सिडेज (ग्लुकोजवर काम करणारं विकर) आणि फिनाइलबोरॉनिक आम्ल (ग्लुकोजला धरणारं रसायन) हे दोन्ही मार्ग त्यासाठी दशकानुदशके चाचपले जात आहेत.