‘फंगसची गोळी कशाहीबरोबर चालते’ : खुलासा

‘फंगसची गोळी म्हणजे खाजेची गोळी, ती कशाहीबरोबर चालते’ असं बरेच जण समजतात. मलम असेल तर एकवेळ ठीक. पोटातून किंवा शिरेतून दिलेल्या औषधाची गोष्ट वेगळी.

फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल ही फंगसची औषधं यकृतातली काही एन्झाइम्स अडवतात. इतर कित्येक औषधांचा निचराही त्याच एन्झाइम्सवर अवलंबून असतो. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असताना फ्लुकोनाझोल दिलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) चढतो, म्हणजे रक्त जास्तच पातळ होतं. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येणं हा त्याचा एक इशारा. किडनी बदललेल्या पेशंटला व्होरिकोनाझोल सुरू करताना टॅक्रोलिमसचा (शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधाचा) डोस साधारण एक तृतीयांशावर आणतात आणि रक्तातली पातळी तपासत राहतात. टीबीच्या रिफॅम्पिसिनचं उलटं : ती व्होरिकोनाझोललाच निकामी करते. इट्राकोनाझोल या फंगसच्याच औषधाची कॅप्सूल ॲसिडिटीच्या गोळीसोबत नीट शोषली जात नाही, तिला पोटातलं आम्ल लागतं. (म्हणून काहींना ती चक्क कोलाबरोबर घ्यायला सांगतात!)

२०२१मध्ये काळ्या बुरशीमुळे घरोघरी माहीत झालेलं ॲम्फोटेरिसिन या एन्झाइम्सच्या भानगडीत पडत नाही, पण किडनीला त्रास देतं, पोटॅशियम उतरवतं. काळ्या बुरशीच्या वॉर्डात रोज रक्त काढतात ते उगाच नाही.

भरती होताना घरच्या गोळ्यांची पिशवी सोबत न्या, आयुर्वेदिक चूर्णासकट.