रंगीत काच आणि परावर्तक काच: बांधकाम चालू असताना इमारतीचा रंग वेगळा का दिसतो

सांगली-मिरज रस्त्यावर किंवा साताऱ्यात पोवई नाक्याच्या परिसरात दर्शनी भागाला काच लावलेल्या व्यापारी इमारती आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. महानगरांतील गगनचुंबी इमारतींवर बसते त्याच जातीची काच येथे चार-पाच मजल्यांवर बसते. बांधकाम चालू असताना निळीशार दिसणारी इमारत गाळे सुरू झाल्यावर काळपट दिसू लागली, की काच बदलली असावी असा संशय घेतला जातो. असा संशय घेण्यापूर्वी ती काच रंगीत आहे की परावर्तक, हे पाहिले पाहिजे, कारण दुकानात दोन्हींना सरसकट ‘निळी काच’ म्हटले जात असले, तरी त्यांचा रंग दोन वेगळ्या कारणांनी दिसतो.

रंगीत, म्हणजे टिंटेड, काचेचा रंग तिच्या अंगातच असतो. काच वितळलेली असताना तिच्यात लोहाचे प्रमाण वाढवले तर हिरवी आणि कोबाल्ट मिसळले तर निळी छटा येते, आणि काच जितकी जाड, तितकी ही छटा गडद होते. ही काच प्रकाशाचा काही भाग शोषून घेते आणि उरलेला आरपार सोडते. म्हणून तिचा रंग खुलण्यासाठी पलीकडून प्रकाश यावा लागतो. न्यूयॉर्कच्या 1958 मधील सीग्राम इमारतीची कांस्य छटेची काच याच जातीची आहे.

परावर्तक काचेवर धातूचा किंवा धातूच्या ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर चढवलेला असतो. साधी काच समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 8 टक्के परत पाठवते, तर या थरामुळे ते प्रमाण कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे दिवसा तिच्यात मुख्यतः समोरचे आकाश आणि परिसर दिसतो. अजिंक्यताऱ्याकडे तोंड असलेली अशी काच पावसाळ्यात हिरवट आणि उन्हाळ्यात तपकिरी भासते, आणि त्यात काचेचा काहीही दोष नसतो. काही उत्पादनांत रंगीत काचेवरच परावर्तक थर दिलेला असतो, आणि खरा घोटाळा तेथे होतो: थर आतल्या बाजूला बसवला तर प्रतिबिंबावर काचेचा रंग चढतो, बाहेरच्या बाजूला बसवला तर ते अधिक लखलखीत दिसते. एखादे पॅनेल उलटे बसले, तर सबंध दर्शनी भागात तेवढेच वेगळे उठून दिसते.

बांधकामाच्या काळात हा फरक सर्वांत ठळक असतो. मजल्यांवर भिंती, फॉल्स सीलिंग आणि पडदे नसतात, मागची बाजू उघडी असते, त्यामुळे मागून आलेला उजेड रंगीत काचेतून थेट आपल्यापर्यंत पोहोचतो आणि रंग कमालीचा स्वच्छ दिसतो. आतील विभाजन पूर्ण झाले की काचेमागे अंधार साठतो. आत जाऊन परत येणाऱ्या थोड्याशा प्रकाशालाही काच दोनदा ओलांडावी लागते, आणि तीच काच जवळजवळ काळी वाटू लागते. परावर्तक काचेला मागच्या अंधाराने दिवसा फारसा फरक पडत नाही. उलट इमारत अपुरी असतानाच ती पूर्ण ताकदीने काम करू लागते. लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीट या इमारतीच्या अंतर्वक्र काचेने 2013 मध्ये, बांधकाम चालू असतानाच, ऊन एका जागी एकवटून रस्त्यावरील मोटारीचे भाग वितळवले होते. रात्री मात्र आत दिवे लागले की परावर्तक काचही पारदर्शक होते आणि काचेमागच्या स्लॅबच्या कडा व बीम पट्ट्यांसारखे उघडे पडतात.

म्हणून तळहाताएवढा नमुना हातात धरून रंग ठरवणे मला धोक्याचे वाटते. किमान हात-दोन हात लांबीचा तुकडा मागवून तो उभा धरावा आणि त्याच्यामागे आधी पांढरा कागद, मग काळे कापड ठेवून उघड्या आकाशाखाली पाहावे. पांढऱ्यावर खुलणारा रंग काळ्यावर विझला तर काच रंगीत आहे. दोन्हींवर चकाकी टिकली तर परावर्तक थर आहे. कडही पाहावी: रंगीत काचेची कड त्याच रंगाची, अधिक गडद असते, तर साध्या काचेवर थर दिलेला असेल तर कड नेहमीसारखी हिरवट दिसते. ही तपासणी निरभ्र दिवशी आणि ढगाळ दिवशी अशी दोनदा करावी, आणि निवड करताना काळ्या कापडावर दिसलेल्या रंगाला अधिक महत्त्व द्यावे, कारण इमारत वापरात आल्यावर दिवसा दिसणारा रंग त्याच्याच जवळ जातो.