सीएचा शिक्का बसला म्हणजे ऑडिट झालं? नाही ओ!

खडेबाजारातल्या आमच्या मामांनी लोनसाठी बॅलन्स शीट करून घेतली, खाली सीएची सही-शिक्का, आणि मामा सगळ्यांना सांगायलेत, "माझं ऑडिट झालंय की!" बेळगाव काय निपाणी काय, हा समज घरोघरी.

अहो मामा, तुम्ही पिशवीभर बिलं नि पासबुक दिलं, त्यांनी ते नीट मांडून दिलं, याला कंपायलेशन म्हणतात, सीएंच्या स्टँडर्डांत (नियमांत) त्याचा नंबर एसआरएस ४४१०. आकडे खरे आहेत याची हमी त्यात शून्य, आणि रिपोर्टात तसं लिहिलेलं असतंय, पण तो कागद वाचतो कोण!

रिव्ह्यू, त्याचं स्टँडर्ड एसआरई २४००, कंपायलेशनच्या एक पायरी वर. त्यात सीए प्रश्न विचारतो, आकडे ताडून बघतो, उदाहरणार्थ विक्री तेवढीच मग उधारी दुप्पट कशी? हमी मर्यादितच. गोदामातली पोती मोजणं, बँकेकडून बाकी कन्फर्म करून घेणं असलं सहसा ऑडिटातच.

हे दोन्ही स्टँडर्ड आयसीएआयनं, म्हणजे सीएंच्या संस्थेनं, नंतर सुधारून घेतलेत, त्यामुळं कंपायलेशनची जबाबदारी कुणाची ते आता जास्त स्पष्ट लिहावं लागतंय: आकडे मालकाचे. २०१९ पासून सक्तीचा झालेला १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे सीएनं सही केलेल्या कागदावरचा ओळख नंबर, तोसुद्धा सही खरी का तेवढंच सांगतो, मामांचा गल्ला नाही.