जीआय आणि सेंद्रिय: काजूच्या एका पाकिटावरचे दोन वेगळे दावे

गोव्याच्या काजूला 2023 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे आपण ज्याला जीआय म्हणतो ते, मिळालं. आता बाजारात कुणी विचारतं, ‘ताई, काजू सेंद्रिय आहेत ना?’ आणि पलीकडून तत्परतेने उत्तर येतं, ‘हो तर, जीआय आहेत!’ विकणारीच्या मनात काही खोट नसते, पण विचारलं एक आणि सांगितलं भलतंच. माल कुठला, हे जीआय सांगतं. तो पिकवताना मातीत आणि झाडावर काय गेलं, हे सेंद्रिय प्रमाणपत्र सांगतं. या घोळात बचत गटांचे पैसे आणि हंगाम वाया जाऊ नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

मानकुराद आंब्याचंच घ्या. त्यालाही जीआय आहे. कोकणात आंब्याला लवकर मोहोर यावा म्हणून बुंध्याशी कल्टार हे रसायन घालतात. तसं ते एखाद्या मानकुराद कलमाला घातलं, तरी फळ गोव्यातलं आणि जात मानकुरादच राहते. सेंद्रिय प्रमाणपत्र मात्र त्या झाडाला मिळणार नाही. काजूचंही तेच. ‘डोंगरावरचा काजू, त्याला कोण काय मारतंय?’ असं आपण सहज बोलून जातो. पण ढेकण्या ही कीड पालवी-मोहोर जाळते तेव्हा फवारणी होते. केरळात कासरगोडच्या काजू बागांवर ढेकण्यासाठीच वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं गेलं. त्याचे भोग तिथली माणसं अजून भोगताहेत. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये त्यावर बंदी घातली. म्हणून काजू म्हटला की सेंद्रियच, असं धरून चालणं मला पटत नाही.

उलटही घडतं. हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, दोडामार्गातल्या शेतकऱ्याचा काजू रीतसर सेंद्रिय असू शकतो, पण त्याला ‘गोवा काजू’ म्हणता येणार नाही. पलीकडे वेंगुर्ला काजूचं स्वतःचं जीआय आहे. आफ्रिकेतून आलेली बी गोव्यात भाजून सोलली, तरी ती गोव्यातली होत नाही. जीआयसाठी इथल्या उत्पादकांनी धडपड केली ती मुख्यतः याच भेसळीमुळे.

जीआय एकट्यादुकट्याला मिळत नाही. उत्पादकांची संघटना किंवा तशी संस्था चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अर्ज करते. नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण. गोव्यात पहिला मान 2009 साली काजू फेणीला मिळाला. पुढे खोल्याची मिरची, हरमलची मिरची, खाजे, बेबिंका, आगशीचं वांगं असं बरंच काही आलं. पण गावाला जीआय मिळालं म्हणून गावातल्या प्रत्येकाला ते चिन्ह आपोआप लावता येत नाही. ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून आपलं नाव नोंदवावं लागतं, आणि हेच बहुतेकांना ठाऊक नसतं. 2020 मध्ये नियम बदलले आणि त्या अर्जाचं शुल्क 500 रुपयांवरून 10 रुपयांवर आलं. खोटं जीआय लावल्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. हरमलची मिरची विकणाऱ्या पेडण्यातल्या कुणीही ही नोंदणी करायला आळस करू नये.

सेंद्रियची वाट लांबची. हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षं आणि काजू-आंब्यासारख्या बहुवर्षीय झाडांना पहिल्या सेंद्रिय तोडणीआधी साधारण तीन वर्षं रूपांतरणाची धरतात. या काळात खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा. पुढे दोन मार्ग आहेत. एक अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, राष्ट्रीय कार्यक्रमाचा: मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक येतो, शुल्क घेतो, दरवर्षी तपासतो. निर्यात करायची तर हाच धरावा. दुसरा पीजीएस-इंडिया: एकाच किंवा शेजारच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांच्या बागा तपासतात. रूपांतरणात ‘ग्रीन’, पुढे ‘ऑरगॅनिक’. याने निर्यात होत नाही, पण देशातल्या बाजाराला पुरतं. लहान बागायतदाराला मी आधी हाच मार्ग सांगते. चौकशी आपल्या विभागीय कृषी कार्यालयात करावी.

पीजीएस गटाची अशी एक तपासणी मी जवळून पाहिली. बाग नीटनेटकी, शेणखताचा ढीग, जीवामृताचं पिंप, सगळं जागच्या जागी. मग एका शेजाऱ्याने मांगरात डोकावून विचारलं, ‘वहिनी, ही युरियाची गोणी?’ गोणीत नारळाची सोडणं भरलेली होती, गोणी कधीची तरी जुनी. तरीही ती कुठून आली, हे नोंदवहीत लिहून घेतलं. मग सगळे वरच्या बांधावर गेले. तिकडचा मालक तणनाशक मारतो, आणि पावसाचं पाणी सरळ खाली उतरतं. तिथे चर खणायचा आणि कडेच्या दोन रांगांतली झाडं वेगळी धरायची, असं ठरलं. कागदाइतकंच या डोळ्यांना महत्त्व आहे, आणि तारीखवार लिहिलेली वही नसेल तर दोन्ही व्यर्थ.

बागेचं प्रमाणपत्र कारखान्याला लागू होत नाही, इथे बरेच जण फसतात. सेंद्रिय बी साध्या बियांबरोबर एकाच भट्टीत भाजली की दावा संपला. प्रक्रिया आणि पॅकिंगच्या जागेचीही तपासणी लागते. दुकानात जाणाऱ्या पाकिटावर ‘सेंद्रिय’ लिहायचं तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या 2017 च्या नियमांप्रमाणे अपेडा किंवा पीजीएस यांपैकी एक प्रमाणपत्र आणि ‘जैविक भारत’ चिन्ह हवं. लहान शेतकरी स्वतःचा माल थेट खाणाऱ्याच्या हातात देत असेल तर त्याला सूट आहे, मात्र ते चिन्ह त्याने छापायचं नाही. खोट्या लेबलचा दंड 3 लाखांपर्यंत जाऊ शकतो.

खाज्यांचं गणित आणखी वेगळं. बेसन, गूळ, आलं, तीळ. जीआयसाठी ती गोव्यातली आणि ठरलेल्या पद्धतीची असली म्हणजे झालं. सेंद्रिय म्हणायचं तर किमान 95 टक्के घटक प्रमाणित हवेत, आणि चणा येतो घाटावरून. म्हणजे त्या चण्याचीही कागदपत्रं व्यापाऱ्याकडे मागायला हवीत. जत्रेत दुकान मांडणाऱ्या खाजेकारांना मी सध्या फक्त जीआय वापरकर्ता नोंदणी करायला सांगते. सेंद्रिय बेसनाचा खात्रीचा पुरवठादार मिळेपर्यंत सेंद्रियचा अर्ज भरू नका.